जे.एस.पी. ते ई.जे.बी. : व्हाया खोली नंबर ४७

गोष्ट २००५ सालच्या ऑगस्टमधली. मी तेव्हा फायनल इयर कॉम्प्युटरला होतो. घर अकोल्याला, मुक्काम अमरावतीच्या होस्टेलवर. फर्स्ट इयरच्या ॲडमिशन सुरू होत्या आणि होस्टेलच्या खोल्या वाटण्याचं काम त्या वर्षी पहिल्यांदाच कॉम्प्युटरवर होणार होतं. प्रोग्राम आम्ही तिघांनी लिहिलेला. रेक्टर सरांनी मोठ्या विश्वासानं दिलेलं काम, शिवाय तेच फायनल इयरचं प्रोजेक्ट म्हणून चालणार होतं, म्हणजे एका दगडात दोन पक्षी. जे.एस.पी.ची सात-आठ पानं, मागे मायएसक्यूएल, झालं की! आठवडाभर होस्टेलच्या लॅनवर चालवून पाहिलं, एकही एरर नाही. आम्ही हवेतच होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी तेल्हाऱ्याकडचे एक काका मुलाला घेऊन आले. एस.टी.च्या टपावरून आणलेली गादी, पत्र्याची ट्रंक, चिवड्याचा डबा. शेतातलं निंदण टाकून आलेले. हातात आमच्याच पानावरून छापलेली चिठ्ठी : खोली ४७, कॉट ब. सोबत फीची पावती. खोली उघडली तर कॉट ब वर दुसराच मुलगा पाय पसरून झोपलेला. त्याच्याजवळही तशीच चिठ्ठी निघाली. खोली ४७, कॉट ब.

काका माझ्याकडे आले. ते चिडले नाहीत, हेच मला जास्त लागलं. "बाबू, ह्या कागदावर त सत्तेचाळीसच लिहेल हाये न? मंग मायं पोरगं निजन कुठी?"

रेक्टर सरांनी डेटाबेस उघडायला लावला. कॉट ब समोर एकच नाव होतं, झोपलेल्या मुलाचं. काकांच्या मुलाचं नाव कॉटच्या टेबलात कुठंच नव्हतं. फीच्या टेबलात मात्र दोघांच्याही पावत्या व्यवस्थित. म्हणजे पैसे घेतले, चिठ्ठी दिली, आणि जागा दिलीच नाही. होस्टेल तोवर भरलेलं. त्या मुलानं पुढचे नऊ दिवस टी.व्ही. रूममध्ये गादी टाकून काढले. रोज सकाळी आंघोळीला जाताना तो माझ्या खोलीवरून जायचा आणि "गुड मॉर्निंग सर" म्हणायचा. फर्स्ट इयरचा ना, सीनियरला सर म्हणायची सवय. मला ते तोंडात मारल्यासारखं वाटायचं.

त्या नऊ दिवसांत वेब टेक्नॉलॉजीचं मला जे कळलं ते आधीच्या सहा सेमिस्टरच्या जर्नलांमध्ये नव्हतं. ते तुम्हाला सांगावं म्हणून हा लेख.

पान दिसतं तसं नसतं

जे.एस.पी.चं पान दिसायला एच.टी.एम.एल.सारखं दिसतं, पण तो खरा जावा प्रोग्राम आहे. कोणी पहिल्यांदा ते पान मागितलं की टॉमकॅटसारखा वेब कंटेनर त्याचं भाषांतर करून एक सर्व्हलेट तयार करतो, तो कंपाइल करतो आणि मग चालवतो. म्हणून पहिली हिट संथ असते, नंतरच्या झटपट. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं, व्हायवाला विचारतातच. पण पुढचं वाक्य बहुतेक जण गाळतात : त्या सर्व्हलेटचा ऑब्जेक्ट साधारणपणे एकच असतो आणि मागणाऱ्या प्रत्येकासाठी वेगळा थ्रेड त्याच ऑब्जेक्टमधून धावतो. चाळीस जणांनी पान मागितलं तर चाळीस पानं होत नाहीत. एकाच पानात चाळीस जण शिरतात.

याचा पहिला फटका आम्हाला टेस्टिंगमध्ये बसायला हवा होता, पण टेस्टिंग करणारा मी एकटाच! आमच्यातल्या एकानं विद्यार्थ्याच्या नावाचं व्हेरिएबल डिक्लरेशनच्या भागात, म्हणजे टक्केचिन्हानंतर उद्गारचिन्ह असतं त्या भागात लिहिलं होतं. तिथं लिहिलेलं सगळं क्लासचं होतं, म्हणजे सर्वांचं सामाईक. साध्या स्क्रिप्टलेटमध्ये लिहिलं असतं तर ते ज्याच्या-त्याच्या थ्रेडपुरतं राहिलं असतं. एका उद्गारचिन्हाचा फरक. दोन खिडक्यांवर एकाच वेळी काम सुरू झाल्यावर एकाच्या चिठ्ठीवर दुसऱ्याचं नाव छापून येऊ लागलं, तेव्हा पहिल्याच दिवशी ते सापडलं आणि आम्ही दुरुस्तही केलं. वाटलं, संपलं सगळं.

४७ नंबरचा घोटाळा त्याहून साधा होता. आमचं पान उघडलं की डेटाबेसमधून पहिली रिकामी कॉट काढून दाखवायचं. बाबू नाव टाइप करायचे, फी घ्यायचे, बटण दाबायचे, की दुसरं पान त्या कॉटसमोर नाव लिहून चिठ्ठी छापायचं. आता बघा. पहिल्या खिडकीनं पान उघडलं, "४७ ब रिकामी". काका पिशवीतून नोटा काढून मोजताहेत. तेवढ्यात दुसऱ्या खिडकीनं पान उघडलं, "४७ ब रिकामी". रिकामी होतीच, अजून कोणी लिहिलं कुठं होतं? मग पहिल्यानं लिहिलं, चिठ्ठी छापली. दुसऱ्यानं लिहिलं, चिठ्ठी छापली, आणि दुसऱ्याच्या लिहिण्यानं पहिल्याचं नाव पुसलं गेलं. पाहणं आणि लिहिणं यांच्यामध्ये दोन मिनिटांची फट होती, आणि काकांचा मुलगा त्या फटीत पडला.

गाइड सरांनी सुचवलं, सिंक्रोनाइज्ड करा. केलं. पण ते कुलूप एका जे.व्ही.एम.च्या आतलं, आणि होस्टेल ऑफिसात जुना व्हिज्युअल बेसिकचा प्रोग्राम होता, तोही थेट त्याच टेबलांत लिहायचा. आमचं कुलूप त्याला दिसतच नव्हतं. पुढच्या दाराला कुलूप आणि मागचं दार सताड उघडं, असा प्रकार. शिवाय कॉट कोणाला द्यायची हा नियम तिथं एक, आमच्याकडे दुसरा. मुलगा राखीव कोट्यातला असेल तर तळमजला आधी, हे त्या प्रोग्रामला माहीत होतं, आमच्या पानाला नव्हतं.

हाच प्रश्न रेल्वेला किती मोठा पडला असेल, विचार करा. अकोला स्टेशनच्या खिडकीवर एक जण मुंबईची स्लीपर मागतो आहे, बडनेऱ्याच्या खिडकीवर दुसरा, आणि त्याच क्षणी पुण्याहून कोणी इंटरनेटवर. दारं हजारो, बर्थ मात्र एक. रेल्वेनं संगणकीय आरक्षण १९८५ साली दिल्लीत सुरू केलं. पुढे दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि सिकंदराबाद अशी पाच केंद्रं झाली आणि १९९९ मध्ये ती कॉन्सर्ट नावाच्या प्रणालीनं एकमेकांना जोडली गेली. तेव्हा कुठल्याही खिडकीवरून कुठल्याही केंद्राच्या गाडीचं तिकीट निघू लागलं. ही प्रणाली मुख्यतः सी आणि थोड्या फोर्ट्रानमध्ये, ओपनव्हीएमएसवर. मधल्या दुव्याचं काम रिलायबल ट्रान्झॅक्शन राउटर नावाचं मिडलवेअर करायचं. त्याचं काम त्याच्या नावातच आहे : व्यवहार योग्य केंद्राकडे न्यायचा, आणि एक तर पूर्ण करायचा नाही तर केलाच नाही असं ठेवायचं.

आता गंमत अशी की ३ ऑगस्ट २००२ ला आय.आर.सी.टी.सी.ची वेबसाइट सुरू झाली, तेव्हा बर्थ वाटायचं काम त्या वेबसाइटकडे गेलं नाही. ते कॉन्सर्टकडेच राहिलं. वेबसाइट म्हणजे आणखी एक खिडकी. सुरुवातीला तर छापील तिकीट कुरिअरनं घरी यायचं, घरीच छापायचं ई-तिकीट २००५ मध्ये आलं. २०१४ मध्ये वेबसाइटचा अख्खा सांगाडा बदलून नवी प्रणाली आली, तरी बर्थचा हिशेब ठेवणारी जागा मागेच होती. पान बदललं, खिडकी बदलली, मालकी बदलली नाही. आमच्या होस्टेलच्या प्रोग्राममध्ये पान स्वतःच मालक होऊन बसलं होतं.

रेल्वेनं यासाठी ई.जे.बी. वापरलं असं मी म्हणत नाहीये, कॉन्सर्ट जावाच्या आधीच्या घराण्यातली. पण जावाच्या जगात याच कामासाठी जे बनलं ते एंटरप्राइज जावाबीन्स, म्हणजे ई.जे.बी. पहिलं स्पेसिफिकेशन १९९८ चं. जे.एस.पी.चं पहिलं १९९९ चं, आणि त्याच वर्षाच्या शेवटी दोघं जे-टू-ई-ईच्या एका छताखाली आले.

कोणतं बीन?

इथं एक गैरसमज काढून टाकतो, कारण अजूनही दर वर्षी दोन-चार पोट्टे व्हायवात त्यावर आपटतात. जे.एस.पी.मध्ये यूजबीन नावाचा टॅग आहे. त्या बीनचा आणि एंटरप्राइज बीनचा नावापलीकडे संबंध नाही. यूजबीन साधा जावाबीन आणतं : बिनपॅरामीटरचा कन्स्ट्रक्टर, गेट-सेट मेथड, पानाच्या शेजारी त्याच मेमरीत बसलेला एक ऑब्जेक्ट. आमच्यातल्या एकानं दोन रात्री यूजबीनमध्ये ई.जे.बी.च्या क्लासचं नाव टाकून पाहिलं. ऑब्जेक्ट तयारही व्हायचा, पण त्यात ना ट्रान्झॅक्शन, ना सिक्युरिटी, काहीच नाही. कारण ई.जे.बी.चा जीव त्या क्लासमध्ये नसतो, तो कंटेनरमध्ये असतो. बीनला कधीच थेट हाक मारायची नसते. आपण हाक मारतो ती कंटेनरला, तो आधी ट्रान्झॅक्शन सुरू करतो, परवानगी तपासतो, मग आतल्या बीनला कामाला लावतो. रेक्टर सरांना भेटायचं तर आधी शिपायाला चिठ्ठी द्यावी लागते तसं. खिडकीतून उडी मारून केबिनमध्ये गेलात तर सर भेटतील, पण काम व्हायचं नाही.

नुसता टॉमकॅट हा वेब कंटेनर, त्यात ई.जे.बी. चालत नाही. म्हणून आम्ही जेबॉस ४ घेतलं, ज्याच्या पोटात टॉमकॅट होताच. २५६ एम.बी. रॅमच्या मशीनवर ते सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचं की कॅन्टीनला जाऊन कटिंग मारून यावं. लोडशेडिंगचे दिवस, लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून.

बीनचे प्रकार पुस्तकात सविस्तर आहेत, मी उरकतो. सेशन बीन काम करतं, एंटिटी बीन टेबलातली ओळ बनून बसायचं, मेसेज-ड्रिव्हन बीन टपाल आलं की जागं होतं. सेशनमध्ये स्टेटलेस म्हणजे बँकेतला काउंटर, कोणाचीही आठवण ठेवत नाही, आणि स्टेटफुल म्हणजे तुमचा ठरलेला किराणावाला. आम्हाला एक स्टेटलेस सेशन बीन पुरलं. त्याला नाव दिलं खाटवाटप, आणि त्यात मेथड एक : विद्यार्थी द्या, फी द्या, कॉट घ्या. एंटिटी बीनच्या नादी लागलो नाही. ते बरंच झालं, त्या काळातली एंटिटी बीन्स हे भल्याभल्यांचं दुखणं होतं.

मूर्तिजापूरला माल उतरवावा लागतो

आता मुख्य प्रश्न. पान एका कंटेनरमध्ये, बीन दुसऱ्या. पानाला बीन सापडायचं कसं?

त्यासाठी जे.एन.डी.आय. नावाची वही असते. सर्व्हर सुरू होताना प्रत्येक बीनचं नाव त्या वहीत टाकतो. पान, खरं तर पानाच्या वतीनं दुसरं कोणी, त्या नावानं लुकअप करतं. त्या काळच्या ई.जे.बी. दोनमध्ये लुकअप केल्यावर बीन मिळायचं नाही, मिळायचा होम इंटरफेस, म्हणजे बीनच्या घरचा पत्ता. तो नॅरो नावाच्या मेथडनं योग्य प्रकारात आणायचा, मग त्यावर क्रिएट म्हणायचं, तेव्हा रिमोट इंटरफेस हातात. एका खाटेसाठी केवढा खटाटोप! आणि नाव तीन ठिकाणी जुळावं लागायचं : वेबच्या एक्सएमएलमध्ये पान ज्या नावानं ओळखतं ते, बीनच्या एक्सएमएलमध्ये त्याचं स्वतःचं, आणि जेबॉसच्या खास एक्सएमएलमध्ये या दोघांची सोयरीक. एक अक्षर चुकलं की नेम नॉट फाउंड एक्सेप्शन. एका रात्री तीन वाजेपर्यंत आम्ही हेच पाहत होतो, आणि कारण होतं नावाच्या शेवटी राहिलेली एक स्पेस.

हातात आलेला रिमोट इंटरफेस म्हणजेही बीन नव्हेच. तो स्टब, बीनचा मुखत्यार. तुम्ही त्याच्यावर मेथड बोलावली की तो तुमचे पॅरामीटर बांधून नेटवर्कवरून पलीकडे पाठवतो, तिथं ते सोडून बीनला दिले जातात, उत्तर पुन्हा बांधून परत येतं. याला मार्शलिंग म्हणतात. आपल्या वऱ्हाडातल्या माणसाला हे समजायला मूर्तिजापूर स्टेशन पुरे. यवतमाळ आणि अचलपूरकडून येणारी शकुंतला नॅरोगेज, रूळ ७६२ मिलिमीटरचे. मुंबईची लाइन ब्रॉडगेज, १६७६ मिलिमीटर. शकुंतलेचा डबा मुंबईला जाऊच शकत नव्हता. म्हणून कापसाच्या गाठी मूर्तिजापूरला उतरवून ब्रॉडगेजच्या वाघिणीत भराव्या लागत. दोन गेजमध्ये डबा पलीकडे जात नाही, फक्त माल जातो, आणि तोही गाठी बांधलेला असेल तरच.

जावात गाठ बांधण्याला सिरियलायझेशन म्हणतात. आम्ही पहिल्याच झटक्यात काय केलं, तर बीनमधून रिझल्टसेट पानाला परत पाठवला. नॉट सिरियलायझेबल एक्सेप्शन! बरोबरच आहे. रिझल्टसेट हा डेटाबेसच्या चालू कनेक्शनला लागलेला नळ आहे, वाहतं पाणी पोत्यात कसं भरणार? मग खोली नंबर, कॉटचं अक्षर, पावती क्रमांक एवढे तीन फील्ड असलेला साधा क्लास केला आणि तो पाठवला. त्याला तेव्हा व्हॅल्यू ऑब्जेक्ट म्हणायचे, पुढे ट्रान्सफर ऑब्जेक्ट.

दुसरी चूक त्याहून नामी. हा क्लास असलेली जार फाइल आम्ही वेबच्या फोल्डरमध्येही टाकली आणि बीनच्या सोबतही. मग क्लास कास्ट एक्सेप्शन, आणि मेसेज असा की अमुक क्लासचा ऑब्जेक्ट अमुक क्लासमध्ये बदलता येत नाही, दोन्ही नावं अक्षरशः एकच! मित्र म्हणाला, "अबे, हे त मले माह्याच घरात घेऊन नाही राह्यलं." जावाच्या लेखी क्लासची ओळख नावानं एकट्यानं होत नाही, नाव आणि तो लोड करणारा क्लासलोडर दोन्ही मिळून होते. दोन लोडरनी आणलेला एकच क्लास म्हणजे दोन परके क्लास. एक जार काढून टाकली, झालं.

मूर्तिजापूरची हमाली लक्षात ठेवली तर आणखी एक गोष्ट आपोआप कळते. रिमोट बीनवर नाव मागायला एक कॉल, खोली मागायला दुसरा, मजला मागायला तिसरा, असं केलं तर प्रत्येक वेळी गाठ बांधा, उतरवा, चढवा. पान रांगतं. म्हणून बाहेरून बोलावायच्या मेथड थोड्या आणि भरीव ठेवायच्या, एका फेरीत सगळा माल. त्या सेशन फसाडचं नाव पुस्तकात येतं ते याच कारणानं. पान आणि बीन एकाच सर्व्हरमध्ये असतील, आमचे होते तसे, तर २००१ च्या ई.जे.बी. २.० पासून लोकल इंटरफेसही होता. त्यात हमालीच नाही, गेज एकच. पण मग बीन पलीकडच्या मशीनवर हलवता येत नाही. आम्ही शेवटी लोकलच घेतला आणि त्याचा कधी पश्चात्ताप झाला नाही. वाटलेल्या ऑब्जेक्टांची हौस आमच्या पिढीला जरा जास्तच होती.

आणि हो, हा लुकअप जे.एस.पी.मध्ये लिहायचा नाही. आधी सर्व्हलेट. फॉर्म त्याच्याकडे येतो, तो बीनला विचारतो, आलेलं उत्तर रिक्वेस्टमध्ये ठेवतो आणि मग ठरवतो की चिठ्ठीचं पान दाखवायचं की "कॉट गेली, दुसरी निवडा" हे पान. जे.एस.पी.कडे फक्त दाखवणं. यूजबीन इथं कामाला येतं, त्या ट्रान्सफर ऑब्जेक्टला पानावर मांडायला.

रोलबॅक झाला म्हणतो, पावती मात्र तशीच

आता ज्याच्यासाठी एवढा उपद्व्याप केला ते काम. बीनमधल्या मेथडनं दोन गोष्टी करायच्या : फीची पावती लिहायची आणि कॉटसमोर नाव टाकायचं. दोन्ही झाल्या पाहिजेत, नाही तर दोन्ही नको. एक्सएमएलमध्ये त्या मेथडला रिक्वायर्ड लिहिलं की ट्रान्झॅक्शन कंटेनर सांभाळतो.

मला वाटायचं की ई.जे.बी. लावलं की दोघांना एक कॉट जाणारच नाही. साफ खोटं. ट्रान्झॅक्शनमध्येही दोघं एकाच वेळी "रिकामी" वाचू शकतात. फट बुजली ती एका साध्या अपडेटनं : नाव टाक, पण कॉटचा रकाना अजून रिकामा असेल तरच, आणि किती ओळी बदलल्या ते सांग. एक सांगितली तर कॉट तुझी. शून्य सांगितली तर कोणीतरी आधी गेलं. पाहणं आणि लिहिणं एकाच हुकमात. हे जे.एस.पी.तूनही करता आलं असतं, मान्य. पण मग व्ही.बी.तही करावं लागलं असतं, आणि उद्याच्या तिसऱ्या पानातही. बीनमध्ये केल्यानं ते एकदाच झालं. ऑफिसचा व्ही.बी. प्रोग्राम आम्ही बंद करायला लावला आणि त्यांनाही ब्राउझर दिला. बाबूंनी आठ दिवस बोटं मोडली.

आता चाचणी. कॉट मुद्दाम भरलेली ठेवली आणि बीनला बोलावलं. पावती आधी लिहिली गेली, मग अपडेटनं शून्य सांगितलं, मग आमचं स्वतःचं "कॉट शिल्लक नाही" हे एक्सेप्शन फेकलं गेलं. पान बरोबर आलं. टेबल उघडलं, तर पावती जागच्या जागी! काकांच्या मुलाचं झालं तेच, फक्त आता महागड्या सर्व्हरवर.

पहिलं कारण स्पेसिफिकेशनमध्ये सापडलं. कंटेनर आपणहून रोलबॅक करतो तो सिस्टिम एक्सेप्शनला, म्हणजे रनटाइम जातीच्या. तुम्ही स्वतः बनवलेलं साधं चेक्ड एक्सेप्शन त्याच्या मते धंद्याचा भाग असतो, "कॉट नाही" हेही एक वैध उत्तरच, म्हणून तो निवांत कमिट करतो. तुम्हाला रोलबॅक हवा असेल तर एक्सेप्शन फेकण्यापूर्वी सेट रोलबॅक ओन्ली म्हणावं लागतं. म्हटलं. पुन्हा चालवलं. लॉगमध्ये रोलबॅक दिसला. टेबलात पावती तशीच.

यात दोन दिवस गेले. बीन तपासलं, एक्सएमएल तपासलं, जेबॉस पुन्हा टाकलं. शेवटी कारण निघालं खालच्या मजल्यावर. मायएसक्यूएलमध्ये टेबल करताना काही सांगितलं नाही तर त्या काळी ते मायआयसॅम प्रकारचं व्हायचं, आणि मायआयसॅमला ट्रान्झॅक्शन कळतच नाही. रोलबॅक म्हटलं की ते मान डोलवतं आणि काहीही करत नाही. दोन्ही टेबलं इनोडीबी केली, आणि पावती नाहीशी झाली. ती नाहीशी झालेली ओळ पाहून आम्ही तिघं रात्री दीडला ओरडलो, आणि रेक्टर सर टॉर्च घेऊन वर आले. (२०१० च्या ५.५ आवृत्तीपासून इनोडीबी आपोआप मिळतं. जुनं टेबल असेल तर मात्र पाहून घ्या.)

एक दार अजून उघडं होतं. चिठ्ठी यायला उशीर झाला की बाबू रिफ्रेश दाबायचे, आणि ब्राउझर तोच फॉर्म पुन्हा पाठवायचा. बीनच्या दृष्टीनं हा नवा, रीतसर व्यवहार, एकाच मुलाला दोन कॉट. यावर दोन उपाय केले. काम झाल्यावर सर्व्हलेटनं पान थेट न देता ब्राउझरला दुसऱ्या पत्त्यावर रीडायरेक्ट करायचं, म्हणजे रिफ्रेश फक्त चिठ्ठी पुन्हा मागेल. आणि टेबलातच अट घातली की एका रोल नंबरला एकच कॉट. दुसरा उपाय जास्त भरवशाचा, बाबूंच्या बोटावर अवलंबून नाही.

त्यानंतर बरंच पाणी वाहून गेलं. २००६ च्या ई.जे.बी. ३.० नं होम इंटरफेस आणि एक्सएमएलचं जंगल जवळपास संपवलं. क्लासवर एक ॲनोटेशन लिहिलं की बीन, आणि सर्व्हलेटमध्ये दुसरं लिहिलं की ते आपोआप हातात, लुकअप नाही की नॅरो नाही. तोवर बरेच लोक कंटाळून स्प्रिंगकडे गेले होते, ज्याची पहिली आवृत्ती २००४ ची. सन कंपनी २०१० मध्ये ओरॅकलकडे गेली, जावा ई.ई. पुढे एक्लिप्स फाउंडेशनकडे, आणि २०१८ पासून तिचं नाव जकार्ता. आज तुमच्यापैकी कोणी जे.एस.पी. लिहीत असेल तर ती सिलॅबसची कृपा. तुमचं पान रिॲक्टमध्ये असतं, मागे स्प्रिंग बूट, मध्ये जेसन. पण जेसन म्हणजे गाठी बांधणंच, आणि चेक्ड एक्सेप्शनला आपणहून रोलबॅक न होण्याचा नियम स्प्रिंगच्या ट्रान्झॅक्शनलमध्येही तसाच आहे. मागच्या वर्षी प्रोजेक्ट तपासताना सहापैकी चार ग्रुपच्या कोडमध्ये मला तीच पावती सापडली.

म्हणून सांगतो, दर गुरुवारी प्रॅक्टिकल संपल्यावर मी लॅबमध्ये असतो. एका मशीनवर जेमीटर टाकून ठेवलं आहे. एका रिकाम्या कॉटसाठी ते एकाच क्षणी पन्नास अर्ज पाठवतं. तुमचा प्रोग्राम घेऊन या, त्याला लावू. कॉट एकालाच मिळाली पाहिजे, पावती एकच असली पाहिजे, आणि उरलेल्या एकोणपन्नास जणांना "कॉट गेली" हे पान दिसलं पाहिजे, पांढऱ्या पानावरची एररची रांग नव्हे. आमचा प्रोग्राम पहिल्यांदा या चाचणीला बसला तेव्हा खोली ४७ च्या कॉट ब वर अकरा जण होते. दहाव्या दिवशी एकच राहिला. त्याच दिवशी एका मुलाची दुसरीकडे ॲडमिशन झाल्यानं खोली ३१ मध्ये कॉट अ रिकामी झाली, आणि टी.व्ही. रूममधली गादी आम्ही तिघांनी उचलून वर नेली.